एआर चष्म्याच्या पटलासाठी छोटी प्रकाशयोजना : घरच्या टेबलावर पहिला नमुना कसा उभारावा

ऑगमेंटेड रिॲलिटीच्या (एआर, म्हणजे समोरच्या दृश्यावर चित्र दाखवणाऱ्या) चष्म्याविषयी वाचताना वेव्हगाइड (चित्राचा प्रकाश डोळ्यापर्यंत नेणारी काच), कॅमेरे आणि सॉफ्टवेअर यांचीच चर्चा अधिक आढळते. चित्र तयार करणाऱ्या चिमुकल्या पटलावर प्रकाश पाडणाऱ्या, चष्म्याच्या काडीच्या आत मावणाऱ्या छोट्या यंत्रणेकडे मात्र नवखा माणूस शेवटी वळतो, आणि बहुतेक नमुने तिथेच अडतात. माझेही तेच झाले. चेंबूरच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या टेबलावर मी पहिली जुळणी केली, तेव्हा अधिक उजेड हवा म्हणून मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, १० वॉटची मोठी एलईडी आणली. चित्र पूर्वीइतकेच मंद राहिले आणि टेबल मात्र तापले. तसे का झाले हे समजायला मला दोन महिने लागले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे टिपण लिहीत आहे.

१. पटल कोणते, हे आधी निश्चित करा

ओएलईडी आणि मायक्रोएलईडी ही पटले स्वतः प्रकाश देतात, त्यामुळे त्यांना वेगळी प्रकाशयोजना लागत नाही. डीएलपी पटलावर सूक्ष्म आरसे असतात. त्याला बाहेरून प्रकाश द्यावा लागतो, पण तो ध्रुवीकृत (ज्याची कंपने एकाच दिशेत आहेत असा) असण्याची गरज नसते. तिसरा प्रकार एलकॉसचा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर द्रवस्फटिकाचा थर असलेल्या परावर्ती पटलाचा. त्याला बाहेरचा प्रकाश तर लागतोच, शिवाय तो एकाच दिशेने ध्रुवीकृत केलेला लागतो. २०१३ चा गूगल ग्लास आणि २०१६ चा पहिला होलोलेन्स या दोहोंत एलकॉस पटल होते. २०१९ च्या होलोलेन्स २ मध्ये पटलाऐवजी हलत्या आरशाने फिरवलेला लेझर आला.

हे टिपण एलकॉससाठी आहे, कारण प्रकाशयोजनेतले सगळे प्रश्न त्यात एकत्र भेटतात. लेझरच्या वाटेला पहिल्या नमुन्यात जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे; चित्रावर दिसणारे दाणे घालवणे हे एक स्वतंत्र काम आहे आणि डोळ्याला असलेला धोका त्याहून मोठा आहे.

पटल विकत घेणे महाग पडत असेल, तर जुना, बंद पडलेला पिको प्रोजेक्टर शोधा. येथे एक सापळा आहे. स्वस्तातल्या पुष्कळ प्रोजेक्टरांत साधे पारदर्शक एलसीडी असते, ज्याच्या मागून पांढरा दिवा लावलेला असतो. असा प्रोजेक्टर या कामाला निरुपयोगी आहे, म्हणून पैसे देण्याआधी झाकण उघडून पाहू देण्याचा आग्रह धरा.

२. प्रकाशाचा हिशेब डोळ्यापासून मागे मांडा

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि तिला कागद-पेन्सिलीखेरीज काहीही लागत नाही. आपण सहसा एलईडीपासून पुढे हिशेब करतो. तो उलटा करावा, कारण किती प्रकाश हवा हे डोळा ठरवतो.

समजा, चित्राची दीप्ती १,००० निट (पृष्ठभागाच्या उजळपणाचे एकक) हवी आहे, चित्राची रुंदी २० अंश व उंची सुमारे ११ अंश आहे, आणि डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी चित्र दिसावे म्हणून १० मिमी बाय १० मिमीची जागा, म्हणजे आयबॉक्स, ठेवायची आहे. चित्राचा घनकोन, म्हणजे डोळ्यासमोर चित्र व्यापते तो कोनांतला विस्तार, सुमारे ०.०६८ स्टरेडियन येतो. दीप्ती, आयबॉक्सचे क्षेत्रफळ आणि घनकोन यांचा गुणाकार केला की डोळ्यापाशी लागणारा प्रकाश मिळतो : ०.००७ ल्युमेनहूनही (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे एकक) किंचित कमी. पहिल्यांदा हा आकडा पाहून मी दशांश चिन्ह चुकले असावे असे समजून तीनदा गुणाकार केला होता.

आता मागे सरकत जा. प्रकाश विवर्तन-वेव्हगाइडमधून (सूक्ष्म रेघांनी प्रकाश वळवणाऱ्या काचेतून) येत असेल आणि त्याची कार्यक्षमता १ टक्का धरली, तर वेव्हगाइडच्या तोंडाशी ०.६८ ल्युमेन हवेत. त्यामागच्या यंत्रणेसाठी असे आकडे धरू : एलईडीचा प्रकाश गोळा करण्यात ७० टक्के उरतात, ध्रुवणात ४५ टक्के, ध्रुवण-विभाजक घनात (प्रकाश ध्रुवणानुसार वेगळा करणाऱ्या काचेच्या ठोकळ्यात) ८५, पटलाच्या परावर्तनात ६५ आणि भिंगांत ९० टक्के. हे सगळे गुणल्यावर जेमतेम १६ टक्के हाती उरतात. म्हणजे एलईडींकडून सरासरी ४.३ ल्युमेन हवेत. तिन्ही रंग आळीपाळीने लागतात आणि प्रत्येक रंग एकूण वेळेच्या फक्त २१ टक्के पेटतो असे धरले (हा आकडा कसा येतो ते सातव्या पायरीत आहे), तर पेटलेल्या क्षणी तिघांचे मिळून सुमारे २० ल्युमेन लागतात. पांढऱ्या रंगातील उजेडाचा जवळजवळ ७० टक्के वाटा हिरव्याचा असल्याने त्यातले १४ ल्युमेन एकट्या हिरव्या एलईडीने द्यायचे आहेत.

हे टक्के उदाहरणादाखल आहेत. तुमच्या सुट्या भागांच्या माहितीपत्रकांतून खरे आकडे घेऊन हाच तक्ता पुन्हा मांडा. त्यावरून दोन गोष्टी लगेच ध्यानात येतील. पहिली, लागणारा प्रकाश छोटी एलईडी सहज देऊ शकते. दुसरी, वेव्हगाइडऐवजी अर्धपारदर्शक आरसा आणि अंतर्वक्र आरसा यांची बर्डबाथ रचना घेतली, तर प्रकाश एकदा परावर्तित आणि एकदा पारगमित होऊन प्रत्येक वेळी निम्मा होतो आणि २५ टक्क्यांपर्यंत उरतो. १ टक्क्याच्या तुलनेत ही चैनच म्हणायची. म्हणून टेबलावरचा पहिला नमुना बर्डबाथ किंवा नुसते नेत्रभिंग घेऊनच करा.

३. एलईडी निवडताना वॉट पाहू नका, आकार पाहा

माझी १० वॉटची एलईडी का फसली याचे उत्तर एटेंड्यू या राशीत आहे. प्रकाश ज्या क्षेत्रफळातून निघतो आणि ज्या कोनात पसरतो, त्या दोहोंचा मिळून होणारा हा फैलाव आहे, आणि कोणतेही भिंग किंवा आरसा तो कमी करू शकत नाही. सूपभर पसरलेले तांदूळ मुठीत गोळा करता येतात. प्रकाशाचे तसे नाही. क्षेत्रफळ आवळले की कोन फाकतो, आणि कोन आवळला की क्षेत्रफळ वाढते.

उदाहरण घेऊ. १२८० बाय ७२० पिक्सेलचे, ४.५ मायक्रॉन पिक्सेल असलेले पटल ५.७६ मिमी बाय ३.२४ मिमी भरते. पुढची भिंगे एफ/२ (नाभीय अंतर व्यासाच्या दुप्पट) असतील, तर ती पटलावरून येणारा प्रकाश मध्यरेषेपासून सुमारे १४.५ अंशांपर्यंतच स्वीकारतात. या कोनाचे साइन मूल्य ०.२५ आहे. एलईडीचा पृष्ठभाग मात्र पुढच्या सगळ्या दिशांना, म्हणजे ९० अंशांपर्यंत प्रकाश फेकतो, आणि त्याचे साइन मूल्य १ आहे. म्हणून एलईडीची प्रतिमा आदर्श स्थितीत लांबीरुंदीला चारपट मोठी होऊन पटलावर पडू शकते. उलट बाजूने पाहता, या पटलाला उपयोगी पडू शकणारी एलईडी जास्तीत जास्त १.४४ मिमी बाय ०.८१ मिमी, म्हणजे सुमारे १.१७ चौरस मिमी असू शकते. माझ्या १० वॉटच्या एलईडीत नऊ चिप्सची जाळी होती आणि तिची बाजू सुमारे ९ मिमी होती. ८१ चौरस मिमीपैकी सव्वा चौरस मिमीचाही प्रकाश उपयोगी येत नव्हता. बाकीचा सगळा नळीच्या भिंतींवर आपटून उष्णता होत होता.

यातून निघणाऱ्या तीन सूचना अशा. सपाट तोंडाची एलईडी घ्या. वर सिलिकोनचा अर्धगोल घुमट असेल तर चिप बाहेरून लांबीरुंदीला दीडपट, म्हणजे क्षेत्रफळाने सव्वादोनपट मोठी भासते. एकाच पुडीत लाल, हिरवी व निळी चिप शेजारी शेजारी असलेली एलईडी सोयीची असते, पण तिन्ही चिप्स मिळून जागा वाटून घेतात आणि पटलाच्या एका कडेला लालसर, दुसऱ्या कडेला निळसर झाक येते. तीन वेगळ्या एलईडी घेऊन डायक्रॉइक (एक रंग परावर्तित करून बाकीचे आरपार जाऊ देणाऱ्या) आरशांनी त्यांचे प्रकाश एकावर एक आणले, तर प्रत्येक रंगाला पूर्ण १.१७ चौरस मिमीची मुभा मिळते. त्याची किंमत आकारमानात मोजावी लागते. सुरुवातीला फक्त एका हिरव्या एलईडीने काम चालू करा. एकरंगी चित्रात चुका लवकर दिसतात.

४. सामान आणि कागदपत्रे

एकाच फेरीत आणता येईल अशी यादी देत आहे. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर चालत जाता येते, रविवार टाळा.

- लाल, हिरवी, निळी सपाट तोंडाची एलईडी, प्रत्येकी चार. सोल्डरिंगमध्ये एखादी जातेच
- ॲल्युमिनियमच्या पायाचे छोटे पीसीबी, थर्मल पेस्ट आणि लहान हीट सिंक
- कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, लॉजिक-लेव्हल मॉसफेट (एलईडी झटपट चालूबंद करणारा स्विच) आणि एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड
- कोलिमेटर भिंग (प्रकाश समांतर करणारे), डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा), पोलरायझर फिल्म (एकाच ध्रुवणाचा प्रकाश जाऊ देणारी), क्वार्टर-वेव्ह फिल्म (दोनदा ओलांडल्यावर ध्रुवण ९० अंशांनी फिरवणारी)
- ध्रुवण-विभाजक घन, बाजू पटलाच्या रुंदीहून थोडी मोठी. वरील पटलासाठी ८ मिमी
- लक्समीटर, मल्टिमीटर, चिमटा, व्हर्नियर कॅलिपर
- काळा पुठ्ठा आणि मंगलदास मार्केटमधून काळ्या मखमलीचा मीटरभर तुकडा

कागदपत्रांत सर्वांत मोलाचे म्हणजे एलईडीचे संपूर्ण माहितीपत्रक, ज्यात चिपची मापे आणि प्रकाश पसरण्याचा आलेख असतो, आणि पटलाचा टायमिंग तक्ता. हे दोन्ही पाठवायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून खरेदी करू नये. घन किंवा पटल परदेशातून मागवले तर कुरिअर कंपनी केवायसी मागते. आधार आणि पॅनच्या प्रती, तसेच दिलेल्या रकमेची पावती आधीच तयार ठेवली म्हणजे पार्सल विमानतळावर पडून राहत नाही.

खर्च वाचवण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे फुटलेला एलसीडी मॉनिटर. दुरुस्तीच्या दुकानांत तो जवळजवळ भंगाराच्या भावात मिळतो. त्याच्या मागच्या भागात पांढरा परावर्तक, प्रकाश पसरवणारी ॲक्रिलिकची पाटी, डिफ्यूजर, प्रिझम फिल्म आणि काही मॉनिटरांत सर्वांत वर परावर्ती पोलरायझर फिल्म मिळते. ही शेवटची फिल्म ओळखायची असेल तर तिच्यासमोर साधा पोलरायझर धरून फिरवा : एका स्थितीत ती आरशासारखी चमकते, ९० अंशांनंतर पारदर्शक होते. तिच्यावर खरखरीत थर असेल तर तिच्यातून चित्र पाहता येत नाही. मॉनिटर एलईडी-बॅकलाइटचाच घ्या; जुन्या नळ्यांच्या मॉनिटरमध्ये पारा असतो आणि इन्व्हर्टरचा विद्युतदाबही जास्त असतो.

५. ध्रुवणाची जुळणी आधी पटलाविना करा

घनातील तिरका पृष्ठभाग एका ध्रुवणाचा प्रकाश परावर्तित करतो आणि दुसऱ्याचा आरपार जाऊ देतो. एलईडीचा प्रकाश घनात बाजूने शिरतो, तिरक्या पृष्ठभागावरून पटलाकडे वळतो, आणि ज्या पिक्सेलने त्याचे ध्रुवण ९० अंशांनी फिरवले तेवढाच प्रकाश परतताना आरपार जाऊन डोळ्याकडे येतो. बाकीचा आल्या वाटेने एलईडीकडे परततो, आणि तो पिक्सेल काळा दिसतो.

महागडे पटल हाताळण्याआधी त्याच्या जागी नाण्याएवढा सपाट आरसा ठेवा. नुसता आरसा म्हणजे काळा पिक्सेल. आरशावर क्वार्टर-वेव्ह फिल्म ४५ अंशांत ठेवली की प्रकाश तिच्यातून दोनदा जातो, ध्रुवण फिरते आणि तोच आरसा पांढरा पिक्सेल होतो. दोन्ही स्थितींत लक्समीटरने मोजमाप घेऊन भागाकार केला की पटलाविना तुमच्या जुळणीचा कॉन्ट्रास्ट मिळतो. येथे काळा पुरेसा काळा नसेल, तर उत्तम पटल लावूनही तो होणार नाही. बहुधा एलईडी आणि घन यांच्यामध्ये स्वतंत्र पोलरायझर नसतो, किंवा तो दोनतीन अंशांनी तिरका लागलेला असतो.

ध्रुवणात वाया जाणारा निम्मा प्रकाश परत मिळवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परावर्ती फिल्म एलईडीसमोर लावली की नको असलेले ध्रुवण मागे जाते, पांढऱ्या पृष्ठभागावर विखुरते आणि त्यातले काही योग्य ध्रुवणाचे होऊन पुन्हा बाहेर येते. फायदा होतो, पण दुप्पट कधीच नाही. दुसरी रीत प्रकाशाचे दोन भाग करून एकाचे ध्रुवण हाफ-वेव्ह फिल्मने फिरवण्याची. तीत एटेंड्यू दुप्पट होतो, म्हणजे तिसऱ्या पायरीतील एलईडीचे क्षेत्रफळ निम्मे करावे लागते. एलईडी आधीच मर्यादेवर असेल तर त्या खटाटोपातून काहीच मिळत नाही.

६. पटलभर सारखा उजेड

चौकोनी १ मिमीची चिप चारपट वाढवली की ४ मिमी बाय ४ मिमीचा डाग पडतो : रुंदीला अपुरा, उंचीला जास्त. यावर सूक्ष्म भिंगांची जाळी हा चांगला उपाय आहे. तिचे प्रत्येक भिंग पटलाच्याच १६:९ प्रमाणात असते आणि सगळ्यांच्या प्रतिमा पटलावर एकावर एक पडतात. साधा डिफ्यूजरही चालतो, मात्र तो कोन फाकवतो, म्हणजे उजेड सारखा करण्याच्या बदल्यात एकूण उजेड घेतो. सौम्य डिफ्यूजरपासून सुरुवात करा आणि कोपऱ्यांतला उजेड मध्याच्या तुलनेत सहन होईल इतका आला की थांबा.

७. तीन रंग वेळेवर पेटवणे

सेकंदाला ६० चित्रे आणि प्रत्येकात तीन रंग म्हणजे १८० टप्पे. एका टप्प्याला ५.५६ मिलिसेकंद. या वेळात पटलावर नवी माहिती लिहिली जाते आणि द्रवस्फटिक स्थिरावतो. तोपर्यंत एलईडी बंद हवी. त्यात २ मिलिसेकंद गेले तर पेटण्यासाठी ३.५६ उरतात, जे पूर्ण चित्राच्या १६.६७ मिलिसेकंदांच्या २१ टक्के भरतात. दुसऱ्या पायरीतला आकडा हाच.

सापळा असा की मायक्रोकंट्रोलरची नेहमीची पीडब्ल्यूएम (एलईडी वेगाने चालूबंद करून उजेड ठरवणारी) आज्ञा वापरून उजेड कमीजास्त करण्याचा प्रयत्न सगळे करतात. तिची वारंवारता पटलाच्या टप्प्यांशी जुळलेली नसते, त्यामुळे चित्रावर रंगांचे पट्टे सरकू लागतात. एलईडीचा प्रत्येक स्पंद पटलाकडून येणाऱ्या सिंक संकेतावरच सुरू व्हायला हवा. उजेड कमी करायचा तर स्पंदाची लांबी किंवा विद्युतप्रवाह कमी करावा. मान झटकन वळवल्यावर पांढऱ्या अक्षरांच्या कडांना रंग सुटलेले दिसतात, ती जुळणीतली चूक नव्हे. रंग आळीपाळीने दाखवण्याचाच तो परिणाम आहे, आणि टप्पे वाढवले की तो कमी होतो.

८. मे महिना आणि पावसाळा

लाल एलईडी तापल्यावर हिरव्या-निळ्यापेक्षा बरीच अधिक मंदावते. मे महिन्याच्या दुपारी माझ्या टेबलावरचे पांढरे पटल दहा मिनिटांत निळसर-हिरवे झाले होते आणि मी उगाच कोड तपासत बसले होते. म्हणून रंगांचे प्रमाण यंत्रणा चांगली तापल्यावरच बसवा. पावसाळ्यात पोलरायझर फिल्मच्या कडा सुटतात आणि भिंगांवर बुरशी धरते. सगळे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लोणच्याची रिकामी बरणी चालते, पण आधी तिचा वास गेला आहे याची खात्री करा.

९. मोजणी, आणि मग उन्हात

मुंबईच्या खोलीत रात्रीही खरा अंधार मिळत नाही, म्हणून काळ्या पुठ्ठ्याची पेटी करून आतून मखमल लावा. मोबाइलने चित्राचे फोटो काढताना एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा, अन्यथा कॅमेरा तुमची प्रत्येक सुधारणा पुसून टाकतो. चित्रावरील नऊ ठिकाणचे आकडे वहीत लिहा आणि दुसऱ्या पायरीतल्या तक्त्याशी एकेक टप्पा ताडून पाहा. ज्या टप्प्यावर अपेक्षेहून मोठी घट दिसेल तोच भाग आधी काढून तपासा. डोळा लावण्याआधी विद्युतप्रवाह अगदी कमी ठेवावा आणि घन किंवा भिंग काढलेले असताना उघड्या एलईडीकडे पाहू नये. पुढे नमुना इतरांच्या डोळ्यांवर द्यायचा असेल, तर आयईसी ६२४७१ हे प्रकाशसुरक्षेचे मानक वाचून त्यानुसार तपासणी करून घ्यावी.

शेवटची चाचणी घराबाहेरची. भर दुपारी जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स ऊन पडते आणि पांढऱ्या भिंतीची दीप्ती २५,००० निटच्या आसपास जाते. अशा भिंतीसमोर १,००० निटचे चित्र दिसणार नाही, हे गृहीत धरूनच निघा. मरीन ड्राइव्हवर कठड्यावर बसून मी समुद्राकडे पाहिले तेव्हा हिरवी अक्षरे पार विरघळली, आणि रस्त्याच्या बाजूला, झाडाच्या सावलीकडे वळल्यावर ती पुन्हा वाचता आली. कोणत्या पार्श्वभूमीवर किती अक्षरे वाचता आली याची नोंद त्याच जागी करा. उन्हात नमुना खाली ठेवताना नेत्रभिंगाचे तोंड आकाशाकडे राहू देऊ नका, कारण तेच भिंग सूर्याची प्रतिमा पटलावर गोळा करते आणि काही क्षणांत पटल जाळू शकते. कापडाची टोपी शिवून घ्या आणि डोळ्यावरून उतरवताच ती चढवा.